दिवाणखान्यातला घाट

पॅसिफिक महासागरात, सॉलोमन बेटांच्या टेमोटू प्रांतात टेआनू नावाचं एक चिमुकलं बेट आहे. तिथे सायकल घेऊन जाण्याची बुद्धी सहसा कुणाला होत नाही. तरीही सायकलफेऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपचा नकाशा उघडला तर त्या बेटावर जगभरातल्या सायकलस्वारांची रोज झुंबड उडालेली दिसते. पावसाळ्यात त्यात कोथरूड, बाणेर, ठाणे आणि डोंबिवलीची मंडळीही असतात. २०१४ मध्ये सुरू झालेल्या झ्विफ्ट या ॲपमध्ये 'वाटोपिया' नावाचा काल्पनिक देश आहे. तो नकाशावर कुठेतरी टेकवायला हवा, म्हणून कंपनीने तो या बेटावर टेकवला. त्यामुळे जुलैमधल्या एखाद्या पहाटे पुण्याचे गृहस्थ सॉलोमन बेटांवर ज्वालामुखीला वळसा घालत असतात, आणि त्याच क्षणी त्यांच्या मातोश्री त्यांच्या पुढच्या चाकाखालून केरसुणी फिरवत असतात.

या प्रवासाला जे यंत्र लागतं त्याला स्मार्ट ट्रेनर म्हणतात. आपलीच सायकल मागच्या बाजूने त्यात अडकवायची, समोर टीव्ही किंवा लॅपटॉप ठेवायचा आणि पायडल मारायचे. पडद्यावर चढ आला की यंत्र पायडल जड करतं, उतार आला की हलकं करतं. शिवाय पायांतून किती वॉट ताकद निघते आहे, ते सेकंदासेकंदाला सांगत राहतं. पुढचं चाक आहे तिथेच असतं. सायकल भिंतीपासून दोन फुटांवर असते आणि महिन्यानंतरही दोन फुटांवरच असते.

बाहेर रस्ते असताना हे कशाला, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी पावसाळ्यात सायकल चालवलेली नसते. डबक्याची खोली त्यात पुढचं चाक गेल्याशिवाय कळत नाही. भटक्या कुत्र्यांच्या हद्दी ठरलेल्या असतात, पण त्यांचा नकाशा कुठे मिळत नाही. त्यात हल्ली ठरावीक वेळेत लांब पल्ला गाठायच्या 'बीआरएम' राईडचं वेड गावोगाव पसरलं आहे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' जोडीने पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ती एकट्याने केली. तेव्हापासून आपल्याही पायांत काहीतरी दडलेलं आहे अशी शंका बऱ्याच लोकांना येऊ लागली आहे. परीक्षा पावसाळ्यानंतर असते आणि अभ्यास पावसाळ्यात करावा लागतो. तिथे ट्रेनरचा विषय निघतो.

घरबसल्या सायकल मारण्याची हौस मात्र आजची नाही. १९१२ मध्ये बुडालेल्या टायटॅनिकवर व्यायामशाळा होती आणि तिच्यात जागच्या जागी चालवायच्या सायकली होत्या. किती अंतर कापलं ते दाखवणारी मोठी तबकडीही समोर होती. म्हणजे जहाज अटलांटिक ओलांडत असताना त्यावरचे प्रवासी वेगळं अंतर मोजत होते. त्याच्याही आधी अमेरिकेत मेजर टेलर आणि चार्ल्स मर्फी हे नामांकित शर्यतपटू नाट्यगृहांच्या रंगमंचावर रोलरवर सायकली चालवून एकमेकांशी शर्यत लावत, आणि प्रेक्षक तिकीट काढून ती बघत. पुढे सिएटलच्या रेसरमेट कंपनीने तर आपला 'कॉम्प्युट्रेनर' नावाचा ट्रेनर थेट निन्टेन्डोच्या खेळयंत्राला जोडला होता. २०१२ मध्ये वाहू कंपनीचा 'किकर' हा ट्रेनर आला, दोन वर्षांनी झ्विफ्ट आलं आणि हा सगळा खटाटोप पाहुण्यांना दाखवण्याइतका प्रतिष्ठित झाला.

पण ट्रेनर विकण्याचं खरं पुण्य जातं मॅथ्यू हेमनच्या खात्यावर. हा ऑस्ट्रेलियन सायकलपटू फेब्रुवारी २०१६ मध्ये शर्यतीत पडला आणि त्याचा हात मोडला. रस्त्यावर जाता येईना, म्हणून त्याने घरातच ट्रेनरवर झ्विफ्ट लावून सराव केला आणि जेमतेम सहा आठवड्यांनी, १० एप्रिलला, दगडी रस्त्यांची भयानक शर्यत म्हणून गाजलेली पॅरिस-रुबे जिंकली. ट्रेनर घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला ही गोष्ट तोंडपाठ असते. त्याआधीची दीड दशकं हेमन व्यावसायिक शर्यती मारत होता, हा भाग घरी सांगताना सोयीने गळतो.

खरेदीची पहिली पायरी म्हणजे सायकलिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप. "ट्रेनर घ्यायचाय, कोणता घेऊ?" एवढा सरळ प्रश्न असतो. पहिलं उत्तर येतं, "बजेट काय?" दुसरं, "कशाला घेतोस? पावसात चालव, मजा येते." तिसरं, "माझा विकायचाय." हे तिसरं उत्तर प्रत्येक ग्रुपवर, प्रत्येक वेळी येतं. "फक्त चार वेळा वापरलाय" हे वाक्य जुन्या ट्रेनरच्या बाजारात हमीपत्र म्हणून चालतं. चारच वेळा का वापरला, हे मात्र घेणारा विचारत नाही आणि विकणारा सांगत नाही.

जाती मुख्यतः दोन. व्हील-ऑन ट्रेनरमध्ये मागचं चाक जागेवर राहतं आणि टायर एका रोलरवर दाबून बसवला जातो. हा स्वस्त, हलका आणि पलंगाखाली सरकणारा प्रकार. पण टायर झिजतो, डोंगरी सायकलचा (एमटीबीचा) बटणांचा टायर असेल तर खोलीत बोलणं अशक्य होतं, आणि टायरमधली हवा जरा कमी-जास्त झाली की वॉटचा आकडाही डळमळतो. म्हणून ट्रेनर दहा मिनिटं गरम करून, चाक जोरात फिरवून मग सोडून द्यायचा 'स्पिन-डाउन' नावाचा विधी अधूनमधून करावा लागतो. डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारात मागचं चाक काढून कोपऱ्यात उभं करायचं आणि चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटवर, म्हणजे दातेरी चाकांच्या जुडग्यावर, चढवायची. हा शांत, अचूक आणि चांगलाच वजनदार असतो. त्याच्या पोटातलं फ्लायव्हील किकर कोअरमध्ये ५.४ किलोचं आणि मोठ्या किकरमध्ये ७.३ किलोचं. जितकं जड, तितकं पायडल रस्त्यावरच्यासारखं घरंगळतं. एकदा मांडलं की ते उचलून ठेवण्याची भाषा घरात कुणी करत नाही, कारण उचलायला तेच गृहस्थ लागतात आणि ते नेमके सॉलोमन बेटांवर असतात.

किंमत कळल्यावर घरात शांतता पसरते. परदेशी यंत्र, वर आयात शुल्क, त्यावर जीएसटी.

"एवढ्यात स्कूटर आली असती," आई म्हणतात.

"आई, स्कूटरने व्यायाम होतो का?"

"निदान मंडईत तरी जाता येतं. ही जाते कुठे?"

"कुठेच नाही."

"मग हिला ब्रेक कशाला आहेत?"

या प्रश्नावर सायकलपटू हसतो. त्याने हसू नये. डायरेक्ट ड्राइव्हवर मागचं चाक नसतं, म्हणजे डिस्कही नसते. सायकलला हायड्रॉलिक ब्रेक असतील आणि घरातल्या भाच्याने हौसेने मागच्या ब्रेकचा खटका दाबला, तर दोन्ही पॅड पुढे येऊन एकमेकांना भेटतात आणि मागे जायचं नाव घेत नाहीत. मग रविवारी राईडला निघताना चाक बसता बसत नाही, आणि सकाळी साडेपाच वाजता स्वयंपाकघरातला चपटा चमचा घेऊन पॅडच्या फटीत खुपसण्याची पाळी येते. पॅडमध्ये ठेवायचा प्लास्टिकचा तुकडा सायकलसोबतच मिळालेला असतो. तो खोक्याबरोबर रद्दीत गेलेला असतो. ब्रेक कशाला आहेत, हा त्या घरात विचारला गेलेला सर्वांत तांत्रिक प्रश्न होता.

ग्रुपवर महिनाभर चर्चा होते ती अचूकतेची. हा ट्रेनर वॉट मोजताना एक टक्का चुकतो, तो दोन टक्के. १५० वॉटवर हा फरक पडतो दीड वॉटचा. त्या दीड वॉटसाठी माणसं तीस-चाळीस हजार जादा मोजायला तयार होतात, आणि मग क्रँकवर वेगळा पॉवर मीटर बसवून घेतात. तो चेनच्या आधी ताकद मोजतो, ट्रेनर चेनच्या नंतर मोजतो. वाटेत थोडी ताकद चेन खाते, त्यामुळे दोन्ही आकडे जुळत नाहीत. आता घरात दोन महागडी यंत्रं असतात आणि दोन्हींवर अविश्वास असतो. व्यवहारात जास्त आकडा दाखवणारं यंत्र खरं मानलं जातं.

ज्याची चर्चा होत नाही, तिथे घोडं अडतं. खोकं येतं शनिवारी संध्याकाळी. ते उघडल्यावर कळतं की बऱ्याच मॉडेलांत कॅसेट सोबत येत नाही, ती वेगळी घ्यायची. रविवारी दुकान बंद. सोमवारी कॅसेट येते, पण तिचं लॉकरिंग आवळायला खास पाना लागतो. तो मिळतो मंगळवारी. मग लक्षात येतं की सायकलला लागणारी बारा स्पीडची कॅसेट ट्रेनरच्या फ्रीहब बॉडीवर बसतच नाही. किंवा सायकलला थ्रू ॲक्सल आहे आणि खोक्यातून निघालेले अडॅप्टर क्विक रिलीजचे. सर्वांत केविलवाणी अवस्था सात गिअरची साधी हायब्रिड असलेल्याची. तिच्या मागच्या चाकावर बरेचदा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. ते कॅसेट नव्हेच, ते ट्रेनरवर चढतच नाही. दुकानदाराने फोनवर "बसेल ना साहेब" म्हटलेलं असतं. त्याने ते सायकल न बघता म्हटलेलं असतं. तेवढ्या अवधीत पाऊस मात्र उघडलेला असतो.

या कटकटीवर उतारा म्हणून २०२३ मध्ये झ्विफ्टने कॅसेटच्या जागी एकच दातेरी चाक आणलं. आठपासून बारा स्पीडपर्यंत कोणतीही चेन त्यावर चालते, आणि गिअर बदलायचे ते हँडलवरच्या बटणाने, ॲपच्या आत. देश काल्पनिक होता, डोंगर काल्पनिक होता, आता गिअरही काल्पनिक झाले. पायांचे गोळे तेवढे अस्सल राहिले.

यंत्र बसलं की ॲपचा प्रश्न येतो, आणि इथे माणसाचा स्वभाव उघडा पडतो. ज्याला माणसांची गर्दी लागते तो झ्विफ्टवर जातो. तिथे काचेच्या बोगद्यातून समुद्राखालून रस्ता जातो आणि कोपऱ्याकोपऱ्यावर अनोळखी लोक अंगठा दाखवून कौतुक करतात. पायडल मारल्यावर घामाचे थेंब नावाचं चलन जमतं आणि त्यातून काल्पनिक सायकलसाठी काल्पनिक चाकं विकत घेता येतात. खऱ्या सायकलवर खिसा रिकामा करून बसलेला माणूस पडद्यावर भारी चाकांसाठी थेंब थेंब साठवत असतो. ज्याला गर्दी नको, निसर्ग हवा, तो चेक प्रजासत्ताकातलं रूवी घेतो. त्यात खऱ्या रस्त्यांचे व्हिडिओ चालतात आणि आल्प्समधली हवा सोडून सगळं मिळतं. ज्याला निसर्गही नको, फक्त शिस्त हवी, त्याच्यासाठी अमेरिकेतलं ट्रेनररोड आहे. त्यात डोंगर नाही, झाड नाही, माणूस नाही. काळ्या पडद्यावर निळे ठोकळे. ठोकळा उंच असला की जोर लावायचा, बुटका असला की श्वास घ्यायचा. हे ॲप आवडणारे लोक बहुधा शाळेत पहिल्या बाकावर बसलेले असतात. आणि ज्याला काहीतरी फुकट मिळाल्याशिवाय चैन पडत नाही, त्याच्यासाठी अमिरातीतलं मायवूश आहे. ते खरोखरच मोफत आहे, आणि २०२४ ची ई-सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही त्यावरच झाली. तरीही आपल्याकडचे बरेच लोक त्याच्याकडे संशयाने पाहतात. "फुकट कसं देतात?" या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत ते झ्विफ्टचे महिना १९.९९ डॉलर भरत राहतात.

ॲप निवडताना वर्षभराची वर्गणी एकदम भरून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. आरजीटी नावाचं एक छान ॲप होतं. किकरवाल्या वाहूनेच ते २०२२ मध्ये विकत घेतलं आणि २०२३ मध्ये बंद केलं. त्यातले रस्ते, त्या रस्त्यांवर लोकांनी मारलेले विक्रम, सगळं एका दिवशी मिटलं. खरे रस्ते निदान खड्ड्यांसकट जागेवर राहतात.

आता जोडणी. ट्रेनर, छातीवरचा हृदयाच्या ठोक्यांचा पट्टा आणि ॲप यांची गाठ घालून देणं हा स्वतंत्र सोहळा आहे. ट्रेनर बोलतो दोन भाषा, ब्लूटूथ आणि ॲन्ट प्लस. आयफोनला ॲन्ट प्लस कळत नाही. लॅपटॉपला ती शिकवायची तर यूएसबीत एक छोटा डोंगल खोचावा लागतो. ब्लूटूथला ती गरज नाही, पण जुन्या ट्रेनरचं ब्लूटूथ एका वेळी एकाशीच संसार करतं. सकाळी सहाला गृहस्थ जर्सी चढवून, बूट अडकवून लॅपटॉपसमोर तयार. लॅपटॉप म्हणतो, ट्रेनर सापडत नाही. बंद करून चालू केला, तरी नाही. कॅलिब्रेशनचं ॲप काल स्वतःच्याच फोनवर उघडं राहिलेलं असतं आणि फोन उशीखाली असतो. ट्रेनर रात्रभर उशीशी निष्ठा राखून आहे.

डोंगलचं दुखणं निराळं. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. घरातलं वायफायही सहसा त्याच पट्ट्यात असतं आणि मायक्रोवेव्हही तिथेच लुडबुडतो. नेमका चढाचा शेवटचा टप्पा यावा आणि त्याच वेळी आत कुणीतरी दूध तापत ठेवावं. पडद्यावरच्या माणसाची ताकद एकाएकी शून्य होते आणि तो भर चढावर थिजतो. मागून आलेला कुणी ब्राझीलचा इसम त्याला ओलांडून जातो. यावर उपाय दोनशे रुपयांचा आहे. यूएसबीची लांब वायर घ्यावी आणि डोंगल ट्रेनरच्या शेजारी जमिनीवर नेऊन ठेवावा. लाखभराच्या यंत्राचा जीव या वायरीत असतो, आणि ती कुठल्याच खोक्यात नसते.

वीज गेली तर? बहुतेक ट्रेनरचा चढ विजेबरोबर मावळतो. टॅक्स निओसारखे काही मात्र पायडलच्या जोरावर स्वतःपुरती वीज करून चालत राहतात. ग्रामीण भागातल्या ग्राहकासाठी हा मोठा आधार म्हणायचा, फक्त वायफायचा राऊटरही सोबत पायडल मारायला बसवावा लागेल.

झ्विफ्टवरची सर्वांत नावाजलेली चढण म्हणजे आल्प द झ्विफ्ट. फ्रान्समधल्या प्रसिद्ध आल्प द्युएझ घाटाची ती नक्कल, तीच २१ वळणं, हजार मीटरहून थोडी जास्त उंची. चांगल्या पायांना तास लागतो, बाकीच्यांना दीड. माथ्यावर पोचलं की एक चक्र फिरतं आणि नशिबात असेल ते बक्षीस मिळतं. कधी उत्तम काल्पनिक चाकं, कधी काल्पनिक हातमोजे. दीड तास घाम गाळून मिळालेले ते हातमोजे घालता येत नाहीत, घरच्यांना दाखवताही येत नाहीत, तरी माणूस दिवसभर खुशीत असतो. आणि ज्याला हा घाट फार जड वाटतो, त्याच्यासाठी सेटिंगमध्ये 'ट्रेनर डिफिकल्टी' नावाची पट्टी आहे. ती मुळातच निम्म्यावर ठेवलेली असते, म्हणजे पडद्यावर दहा टक्के चढ असेल तर पायाला पाच टक्क्यांचाच जाणवतो. माथा गाठायला एकूण मेहनत तेवढीच लागते, फक्त हलक्या गिअरशिवाय निभावतं. ग्रुपवर घाट मारल्याचं सांगताना पट्टी कुठे होती हे कुणी लिहीत नाही.

मात्र ठरावीक वॉटचा सराव घ्यायचा तर ट्रेनर 'अर्ग' मोडमध्ये टाकतात. इथे चढ-उतार नाही, सूट नाही. ॲपने सांगितलं २०० वॉट, की २०० वॉट. पायडल भरभर मारले तर यंत्र हलकं होतं, सावकाश मारले तर जड होतं. ताकदीचा गुणाकार तोच राहिला पाहिजे. वरवर हे सोयीचं वाटतं. पण शेवटच्या मिनिटांत पाय दमतात आणि पायडल मंदावतात. मंदावले म्हणून यंत्र जड होतं. जड झालं म्हणून आणखी मंदावतात. हे थेट सावकाराच्या व्याजासारखं आहे, हप्ता चुकला की पुढचा हप्ता मोठा. काही सेकंदांत पायडल चिखलात रुतल्यागत थांबतात आणि माणूस हँडलवर कपाळ टेकवून बसतो. बाहेरच्या रस्त्यावर माणूस दमला की सायकल हळू होते आणि प्रश्न मिटतो. इथे तो वाढतो.

ही २०० वॉटची पातळी ठरते एफटीपीवरून, म्हणजे तासभर टिकेल अशी सर्वाधिक ताकद. ती काढायला वीस मिनिटं जीव तोडून पायडल मारायचे आणि सरासरीचे ९५ टक्के धरायचे. या चाचणीआधी प्रत्येकाला स्वतःची एफटीपी काय असेल याचा अंदाज असतो आणि तो कधीच कमी निघत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे यंत्र वीस मिनिटांत, एका टक्क्याच्या फरकाने सांगतं.

पण यंत्र कितीही खरं बोलो, एक आकडा माणसाने स्वतः भरायचा असतो. तो म्हणजे वजन. झ्विफ्टवरच्या शर्यतींची जुनी वर्गवारी किलोमागे किती वॉट यावर चाले. २.५ च्या खाली ड गट, ३.२ पर्यंत क, ४ पर्यंत ब, त्यापुढे अ. १८० वॉटवाले ७८ किलोचे गृहस्थ येतात २.३ वर, म्हणजे ड गटात. तेच वजन ७१ लिहिलं तर २.५४, सरळ क गटात. सात किलो कमी करायला वर्ष लागतं, लिहायला दोन सेकंद. बरं, याने काय साधतं? क गटात गेल्यावर ते शेवटून दुसरे येतात, ड गटात कदाचित चौथे आले असते. पण ग्रुपवर "आपण क गटात" असं म्हणता येतं.

लबाडीत थोर नावंही अडकली आहेत. २०१९ मध्ये ब्रिटनने ई-रेसिंगची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि कॅमेरॉन जेफर्स ती जिंकला. पुढे उघड झालं की झ्विफ्टमधली वेगवान 'ट्रॉन' सायकल मिळवण्यासाठी जी ५०,००० मीटरची चढण पार करावी लागते, ती त्याच्या वतीने एका संगणकी प्रोग्रॅमने पार केली होती. शर्यतीत घाम त्याने स्वतः गाळला होता, पण सायकल बेकायदा कमावलेली निघाली. किताब गेला, २५० पौंड दंड झाला आणि सहा महिने बंदी आली. अस्तित्वात नसलेल्या सायकलपायी अस्सल पौंड भरावे लागले.

उलट बाजूही आहे. डिसेंबर २०२० मध्ये पहिली जागतिक ई-सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा सगळ्यांना एकाच मॉडेलचे ट्रेनर घरपोच देण्यात आले. ती जिंकली जर्मनीच्या जेसन ऑस्बोर्नने, आणि हा गडी मुळात सायकलपटू नव्हताच, तो होता वल्हवणारा! पुढच्याच वर्षी टोकियोत त्याने नौकानयनात ऑलिम्पिकचं रौप्य पटकावलं. ऑस्ट्रेलियाच्या जे वाइनने तर झ्विफ्टची निवडस्पर्धा जिंकून व्यावसायिक संघात जागा मिळवली आणि २०२२ च्या स्पेन फेरीत डोंगरावरचे दोन टप्पे जिंकले. घरातून रस्त्यावर जाता येतं, याचा यापेक्षा सज्जड पुरावा नाही.

आता ज्या गोष्टीचा उल्लेख कुठल्याच चर्चेत पहिल्या पानावर नसतो, ती म्हणजे उकाडा. माणसाचं शरीर यंत्र म्हणून फार उधळं आहे. खाल्लेल्या ऊर्जेपैकी साधारण वीस-पंचवीस टक्के पायडलवर पोचते, बाकीची उष्णता होते. १५० वॉटने पायडल मारणारा माणूस खोलीत साडेचारशे ते सहाशे वॉट उष्णता सोडत असतो. रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरचा वारा ती वाहून नेतो. दहा बाय दहाच्या खोलीत, दमट मुंबईत, वर फिरणारा पंखा तीच गरम हवा ढवळत बसतो. पंधराव्या मिनिटाला हनुवटीवरून धार लागते. ती पडते ती नेमकी हँडलच्या स्टेमवर आणि हेडसेटच्या बोल्टवर. घामातलं मीठ तिथे मुरतं, आणि वर्षाअखेरीस बोल्ट सोडवायला गेलेला मेकॅनिक विचारतो, "साहेब, सायकल समुद्रावर ठेवता का?" माणूस दमतो तेव्हा त्याला वाटतं पाय संपले. पाय शिल्लक असतात, अंग तापलेलं असतं. एफटीपी घरात कमी भरते ती पुष्कळदा यामुळे, आणि लोक त्यासाठी ट्रेनर बदलतात.

आवाजाचंही तेच. पट्ट्यावर चालणारे नवे डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर खोलीत जवळपास गप्प असतात. पण त्यांची बारीक थरथर स्लॅबमधून खाली उतरते. खालच्या मजल्यावरचे काका दोन दिवस वाट पाहून तिसऱ्या दिवशी वर येतात आणि नम्रपणे विचारतात, "पहाटे साडेपाचला मिक्सर लावता का हो?" त्यांना सॉलोमन बेटांची हकीकत सांगून उपयोग नसतो. जाड रबरी मॅट घातली की ते पुन्हा वर येत नाहीत.

तेव्हा ज्यांना यंदा ट्रेनर घ्यायचा आहे, त्यांनी खरेदी उलट्या क्रमाने करावी. आधी जोरदार वारा फेकणारा उभा पंखा घ्यावा. ट्रेनर नाही आला तरी तो घरात लागतोच. मग मॅट. मग सायकल दुकानात प्रत्यक्ष नेऊन मागचा ॲक्सल कोणता, कॅसेट किती स्पीडची आणि मुळात ती कॅसेट आहे की फ्रीव्हील, हे कागदावर लिहून आणावं. ॲप मोफत चाचणीवर पारखावं, मायवूशपासून सुरुवात करावी, आणि निदान दोन महिने चालवल्याशिवाय वर्षाची वर्गणी भरू नये. मित्राचा ट्रेनर आठवडाभर उसना मिळाला तर उत्तमच. ग्रुपवर "माझा विकायचाय" म्हणणारे आहेतच, त्यांतले निम्मे आनंदाने देतील. हे सगळं जमलं तर सायकलला बसणारा, दोन टक्के चुकणारा मधल्या किमतीचा डायरेक्ट ड्राइव्ह पुरे आहे; त्या वरच्या एका टक्क्याने आजवर कुणाची बीआरएम पार पडलेली नाही. आणि ट्रेनरचं खोकं थर्माकोलसकट माळ्यावर जपून ठेवावं. वॉरंटीत परत पाठवायला ते लागतं, आणि विकतानाही लागतं.